खिडकीतला बाक कोणी केला?

या, या, असे जवळ येऊन बसा. पाय मोकळे सोडा आणि मनही मोकळं सोडा. आज एका नव्या घराची गोष्ट सांगायची आहे. गोष्टीत एक खोटं आहे, पण घाबरू नका. शेवटी जिंकतं ते खरंच, आणि तेही सगळ्यांच्या तोंडात घास असताना!

एका कारखान्यात एक स्टोअरकीपर होते. खिळ्यांची पुडीसुद्धा कुलपात ठेवायचे, म्हणून सगळे त्यांना कुलूपराव म्हणत. पंधरा वर्षं भाड्याच्या घरांत काढून त्यांनी दोन खोल्यांचं स्वतःचं घर घेतलं. घर भरलं आणि खिसा रिकामा झाला! भिंती कोऱ्या, बसायला दोन खुर्च्या, आणि कारखान्यात रोजचा एकच धोशा, "कुलूपराव, पार्टी कधी?"

कुलूपरावांची बायको सुताराची लेक. बापाच्या शेजारी बसून रंधा मारायला शिकलेली. कुलूपरावांनी साहेबांना विचारून मोडीत निघालेली, माल रचायची लाकडी पॅलेट घरी आणली. तिने त्यांच्या फळ्या सोडवल्या, तासल्या, घासल्या आणि महिनाभरात खिडकीखाली असा एक बाक उभा केला, की वर पाच माणसं ऐसपैस बसावीत आणि त्याच्या पोटात घरातली सगळी पांघरुणं मावावीत. वरून एक खिळा दिसेल तर शपथ! मग भिंतीला घडीचं टेबल आलं. रंगाच्या दोन उरलेल्या डब्यांतून एका भिंतीला कोवळा हिरवा रंग आला.

आणि कुलूपराव काय करत होते? स्वयंपाकघरात होते! त्यांची आई दवाखान्यासमोर खानावळ चालवायची. पोरगं तिच्या पायात घोटाळत वाढलं आणि शिकलं. पार्टीच्या दिवशी पहाटेपासून ते ओट्याशी उभे. पावाच्या चकत्या लाटण्याने पातळ करायच्या, तूप लावून छोट्या साच्यांत दाबायच्या आणि विजेच्या भट्टीत भाजायच्या. अशा साठ वाट्या केल्या. त्यांत मका आणि चीजचं सारण. बरोबर जिऱ्याची खारी बिस्किटं आणि मिरपूड लावून भाजलेले दाणे.

दुपारी हात पुसत ते बायकोजवळ आले. आवाज खाली घेऊन म्हणाले, "ऐकतेस का? आज कुणी विचारलं तर बाक मी केला म्हणायचं. खाणं तू केलंस."

"का हो?"

"अगं, फोरमन येतोय! बायको करवत चालवते आणि नवरा लाटणं, असं कळलं ना, तर उद्या गेटवरच माझी वरात काढेल."

तिने बाकाच्या कडेवरून एकदा तळवा फिरवला. "बरं," म्हणाली. "अब्रू तुमची, तुम्हीच सांभाळा."

कोपऱ्यातल्या खुर्चीत म्हातारी आई बसली होती. तिने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

पाच वाजता मंडळी जमली. फोरमनने पहिली वाटी तोंडात टाकली आणि डोळेच मिटले. "वहिनी! अहो काय हात आहे तुमचा! कुलूपराव, नशीब काढलंत बुवा!"

"तर!" कुलूपराव हसले. पण हसू ओठांवरच राहिलं. छातीत काहीतरी बारीकसं टोचलं. पहाटे चारला उठलो मी, बोटं भाजली माझी, आणि कौतुक मात्र...

"पण वहिनी, ह्या इतक्या कुरकुरीत कशा राहिल्या?"

"तळल्या ना," बायको बेधडक म्हणाली.

कुलूपरावांचा जीव वरखाली झाला. तळल्या? त्या भाजलेल्या वाट्यांचा असा अपमान!

इतक्यात खालच्या मजल्यावरच्या मुख्याध्यापिका बाकापाशी वाकल्या. झाकण उचललं, सांधे बोटाने चाचपले. "हे कोणी केलं? आमच्या शाळेत वाचनाची खोली करतोय. असेच बाक हवेत, बारा. माणूस मिळत नाहीये चांगला."

सगळ्यांनी कुलूपरावांकडे पाहिलं.

"मीच," ते म्हणाले. "सुट्टीच्या दिवशी. आपलं असंच."

"वा! मग उद्याच शाळेत या, कामाचं ठरवून टाकू. पण मला सांगा, खिळ्याशिवाय हे धरलंय कसं?"

"ते... असं आहे बाई... लाकूड लाकडाला धरतं."

"हो, पण कसं?"

"घट्ट!"

मंडळी हसली. "बिस्किटं आणतो हं," म्हणत कुलूपराव स्वयंपाकघरात पळाले.

तिथे बायको ताटली भरत होती. तिने वर पाहिलंच नाही. "उद्या जाताना रंधा घेऊन जा. कपाटात आहे, खालच्या फळीवर. धार मी लावून ठेवलीय."

एवढं बोलून ती बाहेर गेली. ओरडली असती तर बरं झालं असतं!

मागून काठी टेकत आई आत आली. "काय रे, तोंड का उतरलं? वाट्यांचं कौतुक सुनेला गेलं म्हणून?"

"तसं नाही आई."

"तसंच आहे. मी जन्म दिलाय तुला, मला नको शिकवूस." ती स्टुलावर टेकली. "साठ वाट्या गेल्या तर तुला एवढं झोंबलं. तिचा तर बाक गेला, आणि बाकाबरोबर बारा बाक गेले! बापाकडून आलेली विद्या तिची. पहिल्यांदा कुणीतरी ती ओळखली आणि तू मध्ये हात घालून उचललीस."

"लोक हसतील गं."

"हसू देत! सव्वीस वर्षं खानावळीची चूल मी पेटवली. दारावर नाव तुझ्या बापाचं. माणसं जेवून जायची आणि त्यांना म्हणायची, मालक, जेवण फार छान! तेही मान डोलवायचे. वाईट नव्हते रे ते. पण एकदासुद्धा आतल्या दाराकडे बोट नाही दाखवलं त्यांनी. देवाने हात दिले ते काम करायला. बाईचे हात, बाप्याचे हात असं वेगळं दुकान नाही त्याचं. ज्या हाताने सेवा केली त्याचं नाव झाकणं म्हणजे देणाऱ्यालाच खोटं पाडणं. कळतंय का?"

कुलूपरावांना कळलं! इतकं कळलं की हातातलं बिस्किट हातातच मोडलं.

ते बाहेर आले. फोरमनच्या हातात नवी वाटी होती.

"मंडळी, मी खोटं बोललो," कुलूपराव म्हणाले. "बाक हिने केलाय. टेबल हिने, भिंतही हिने रंगवली. मला साधा खिळा सरळ मारता येत नाही. माझी लाज वाचावी म्हणून हिने माझं खोटं अंगावर घेतलं."

फोरमन खोखो हसला. "म्हणजे वहिनी करवत चालवतात आणि आमचे कुलूपराव..."

"आमचे कुलूपराव लाटणं चालवतात! ह्या वाट्या मी केल्यात. तळलेल्या नाहीत, भाजलेल्या आहेत. हसायचं असेल तर आधी ती हातातली खाली ठेवा."

फोरमनने हाताकडे पाहिलं. वाटीकडे पाहिलं. हळूच ती तोंडात टाकली. "छे बुवा," तो भरल्या तोंडाने म्हणाला, "एवढं महाग हसणं परवडत नाही. कशा करतात ते मला लिहून द्या. आमच्या घरी मला चहासुद्धा करता येत नाही."

आता जे हास्य उठलं त्यात टोचणारं काही नव्हतं.

मुख्याध्यापिका मात्र तोवर बायकोसमोर जाऊन उभ्या राहिल्या होत्या. "ताई, आता सांगा. खिळ्याशिवाय हे धरलंय कसं?"

सुताराच्या लेकीने पदर खोचला, झाकण उचललं आणि गुडघ्यांवर बसली. "हे बघा, ह्या फळीला खाच पाडलीय. ह्या फळीला तेवढीच जीभ ठेवलीय. एक केसभर जास्त नाही, एक केसभर कमी नाही. मग लाकडी खुंटी ठोकली. वजन जेवढं पडेल तेवढी पकड वाढते." ती बोलत होती आणि खोली ऐकत होती. कुलूपराव भिंतीला टेकून उभे होते. अहाहा! पोटच्या पोराचा पहिला नंबर आला तरी माणूस जितका फुलत नाही, तितका तो माणूस फुलला होता.

दुसऱ्या दिवशी शाळेत ती एकटीच गेली. काम ठरवून आली. बाराही बाक झाले आणि आज त्यांवर मुलं वाचत बसतात.

बंधूंनो, भगिनींनो, घर पैशाने विकत मिळतं, पण ते उभं राहतं हातांनी. त्या हातांना त्यांचं नाव द्या. घरचं काम हलकं नाही, आणि कुठलंही काम बाईचं किंवा बाप्याचं नाही. जो करतो त्याचं ते काम!

आणि जाता जाता एक मागणं. तुमच्या घरात असं कुणीतरी असेल, किंवा होऊन गेलं असेल, ज्याच्या घामावर जन्मभर दुसऱ्याचं नाव लागलं. आज जेवायला बसण्याआधी त्या माणसाची आठवण काढा. मनातल्या मनात नको. नाव घेऊन, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं.