अडतीस रिपोर्ट

वर्षालीला ती मेल दिसली तेव्हा दुपारचे दोन वाजायला दहा मिनिटं होती. मेल दीड महिन्यापूर्वीची होती आणि तिला आलेलीही नव्हती. प्रकल्पप्रमुख इंदिरा मॅडमनी हैदराबादहून आज सकाळी पुढे पाठवली होती, वर एकच ओळ लिहून: 'तू हे बघितलंस ना?'

बाळांच्या तपासणीचा प्रकल्प बंद झाल्यामुळे त्याचं क्लाउडवरचं खातं आज संध्याकाळी पाच वाजता कायमचं पुसलं जाणार होतं. वेबसाइटवरून आत जायची सोय आधीच बंद केली होती. राहिलेल्या फाइली हव्या असतील तर कमांड लाइनचं, म्हणजे आज्ञा टाइप करून चालवायचं, टूल इन्स्टॉल करून उतरवून घ्याव्यात, असं खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं.

राहिलेल्या फाइली म्हणजे अडतीस रिपोर्ट.

सेलू तालुक्यातल्या गावांत फिरून तिनं तीन वर्षं नवजात बाळांच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेतले होते, सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार शोधायला. बाकी सगळ्या बाळांचे कागद घरोघर पोचले होते. शेवटच्या शिबिरातल्या अडतीस बाळांचे रिपोर्ट मात्र मशीननं थेट क्लाउडवर पाठवले, आणि त्याच आठवड्यात प्रकल्प संपून मशीन परत गेलं. "रिपोर्ट वर आहेत, सावकाश छापू," असं मॅडम म्हणाल्या होत्या. त्या सावकाशीचे चार महिने झाले. त्या अडतिसांत कोण आजारी आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. आजारी बाळाला रोज औषध हवं असतं, आणि ते नसलं तर एखाद्या साध्या तापात बाळ हातचं जाऊ शकतं. हे वर्षाली दर शिबिरात आयांना समजावून सांगायची.

तिनं मॅडमना फोन लावला.

"मला वाटलं तू सगळं उतरवून घेतलंस," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. मागे कुणाचं तरी भाषण चालू होतं. "पासवर्ड पाठवते. पण मी आता बोलू शकत नाही गं."

ती काम करायची त्या सावंगीच्या दवाखान्याच्या प्रयोगशाळेतल्या कॉम्प्युटरनं टूल घेतलंच नाही. ॲडमिनचा पासवर्ड मागितला. तो पासवर्ड कॉम्प्युटर विभागातल्या अश्विनकडे असायचा. ती त्याच्याकडे गेली.

"फॉर्म भरून द्या मॅडम. विभागप्रमुखाची सही लागते."

"पाच वाजता सगळं जाणार आहे, अश्विन."

"मंग चार वाजता आठवण आली असती तं काय केलं असतं?" तो हसला. मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून त्यानं हातातला चहा खाली ठेवला. "बरं, ऐका. सगळ्या मशीनसाठी टाकू नका. फक्त तुमच्या नावाच्या फोल्डरात टाका. त्याले पासवर्ड लागत नाई. मी काही सांगतलं नाई बरं."

ते चाललं. एक निळी पट्टी मुंगीच्या पावलांनी भरत गेली, आणि 'इन्स्टॉल झाले' अशी ओळ आली. वर्षालीनं कमांड द्यायची काळी खिडकी उघडून टूलचं नाव टाइप केलं. उत्तर आलं की अशी कोणतीही कमांड या कॉम्प्युटरवर नाही.

तिनं पुन्हा टाइप केलं. पुन्हा तेच. काढून परत इन्स्टॉल केलं, पट्टी परत शून्यापासून भरली, आणि परत तेच उत्तर. तीन वाजत आले. आयुष्यात रक्ताच्या हजारो स्लाइडी न चुकता तपासणारी ती एका शब्दापाशी अडली होती. शेवटी तिनं टूलबरोबरचं माहितीचं पान पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. चौथ्या ओळीत लिहिलं होतं: इन्स्टॉल झाल्यावर जुनी खिडकी बंद करून नवी उघडा. ती पूर्ण वेळ जुन्याच खिडकीत टाइप करत होती.

नव्या खिडकीनं टूल ओळखलं आणि लॉगिन मागितलं. पासवर्ड चालला. मग ओळ आली: 'नोंदवलेल्या फोनवर सहा आकडी कोड पाठवला आहे.'

तो फोन प्रकल्पाचा होता, आणि प्रकल्प संपल्यावर तो नत्थूजींकडेच राहिला होता. नत्थूजी प्रकल्पाचे मदतनीस. गाडीही चालवायचे आणि घरंही दाखवायचे. आता सेलूच्या एका कृषी केंद्रावर काम करत होते.

"नत्थूजी, मी वर्षाली. आत्ता फोनवर एक नंबर आला असेल, तो सांगा."

"कोन वर्षाली?"

"अहो, मॅडम. वर्षाली मॅडम."

"आवाज तं तसाच हाये. पन आजकाल आवाजबी नकली काढून राह्यले लोकं. म्याडमनंच मले सांगतलं होतं, नंबर कोनालेच सांगाचा नाई. मी मांगतला तरी नाई."

"मीच सांगितलं होतं! आता मीच सांगते आहे की सांगा."

"ते चोट्टेबी असंच म्हनतात."

"नत्थूजी, पाच मिनिटांत तो कोड संपतो हो!"

"पाहा, घाई करून राह्यले. घाई केली का समजाचं." कुणाला तरी बाजूला 'दहा किलो युरिया नाई, थांब जरा' असं सांगून ते पुन्हा फोनवर आले. "बरं, सांगा. केळझरच्या कॅम्पात माह्या डब्यातली कोनती भाजी खाल्ली तुमी?"

"भाजी नव्हती. झुणका होता. त्यात मीठ नव्हतं आणि तुम्ही काकूंना शिव्या दिल्या."

"अरे, म्याडमच हाये!" नत्थूजी मोकळे हसले. "काऊन नाई सांगतलं पहिलेच?"

तोवर कोड संपला होता. दुसरा मागवला. त्यांनी चष्मा शोधला आणि एकेक आकडा दोनदा वाचला. तीन वीस झाले होते.

ती आत शिरली. यादी मागणारी कमांड दिली तशा अडतीस ओळी सरसर खाली उतरल्या. प्रत्येक ओळीत फाइलीचा आकार, तारीख, मग गाव आणि आईचं नाव. बारशाआधीच्या बाळांना नावं नसतात, म्हणून रिपोर्ट आईच्या नावानं. वर्षालीला रडू यायचंच बाकी होतं. तिनं पहिली फाइल उतरवायची कमांड दिली.

'ही फाइल थंड साठ्यात आहे. आधी बाहेर काढण्याची विनंती करा. लागणारा वेळ: तीन ते पाच तास.'

तीन महिने कुणी न उघडलेल्या फाइली आपोआप तिकडे गेल्या होत्या. तातडीची सोय होती, पण एका वेळी दोनच फाइली, आणि त्यांनाही दहा-पंधरा मिनिटं. तिनं कागदावर हिशोब मांडला. पाचपर्यंत बारा, फार तर चौदा. उरलेल्या चोवीस बाळांचं काय, हे त्या कागदावर लिहिता येत नव्हतं.

यादीत घोराड पहिलं होतं, म्हणून तिनं घोराडपासून सुरुवात केली. दोन मागवायच्या, वाट बघायची, उतरवायच्या, पुढच्या दोन. निरोगी. निरोगी. निरोगी. प्रत्येक निरोगी रिपोर्टाला आनंद व्हायला हवा होता, आणि तिला वाटत होतं की ही वेळ वाया गेली. त्या विचाराची तिला लाज वाटली.

आठवा रिपोर्ट दोन पानांचा निघाला. आजार होता. पहिल्या पानावर एक आलेख, दुसऱ्यावर तोच पुन्हा. संशय आला की ते मशीन आपणहून तपासणी पुन्हा करायचं आणि दुसरं पान जोडायचं.

वर्षालीचा हात थांबला. दोन पानं. म्हणजे फाइल मोठी.

तिनं यादी पुन्हा वर सरकवली आणि इतका वेळ न बघितलेला आकाराचा डावीकडचा रकाना बोट ठेवून वाचला. एकशे बारा, एकशे अकरा, एकशे बारा. सगळे असेच. मग आठव्यापुढे एकशे सत्तर. आजार कळायला फाइल उघडायलाही नको होती. आणखी चार मोठ्या होत्या: हिंगणीच्या दोन, केळझरची एक आणि सगळ्यात शेवटी झडशीची सपना. तासाभरापूर्वी हे सुचलं असतं तर! घड्याळात चार सत्तावीस झाले होते.

हिंगणीच्या दोन्ही चार एक्केचाळीसला हातात आल्या. दोन्ही बाळं आजारी. अंदाज खरा होता. केळझर आणि सपना एकदमच मागवल्या. चार पंचावन्नला केळझर आली, तीही तशीच. सपनाच्या फाइलीपुढे 'काम चालू' होतं. तिनं दर अर्ध्या मिनिटाला विचारलं. काम चालू. काम चालू. चार एकोणसाठला 'तयार' आलं. तिनं उतरवायची कमांड दिली.

'प्रवेश नाकारला.'

पाच वाजले होते. तिनं यादी मागितली. खातं अस्तित्वात नाही, असं टूलनं कळवलं.

तिनं नत्थूजींना फोन लावला. चार बाळांच्या आयांची नावं सांगितली, उद्या सकाळीच त्यांच्या घरी जायचं ठरवलं. मग म्हणाली, "आणि झडशीची सपना."

"कवडूची पोरगी. पहिलं बाळंतपन म्हनून माहेरी आलती ते. आता झडशीले कायची भेटते? पुलगावले सासरी हाये. मी लग्नात गेलतो ना. सासऱ्याचा नंबर हाये माह्याजवळ, अण्णाजी नाव. काय निंगालं तिच्या रिपोर्टात?"

"नंबर द्या नत्थूजी."

अण्णाजींनी दुसऱ्याच रिंगला फोन उचलला. वर्षालीनं नाव सांगितलं, झडशीचं शिबिर सांगितलं.

"हो हो, टाचेले टोचलं होतं," ते म्हणाले. मागे बाळ रडत होतं. जोर नसलेलं, कण्हल्यासारखं. "बरं झालं फोन केला बाई. कालपासून ताप हाये बाबूले. इथल्या डॉक्टरनं औषध देल्लं, उतरूनच नाई राह्यला. दूधबी नाई घेत."

वर्षाली उभी राहिली. "आत्ता गाडी करा आणि सावंगीच्या दवाखान्यात आणा. उद्या नाही, आत्ता. मी दारात उभी आहे."

"एवढ्या दूर? इथला डॉक्टर म्हन्ते साधा ताप हाये." मग त्यांनी विचारलं, "तुमच्याजवळ रिपोर्ट हाये का बाई?"

समोर काळी खिडकी उघडी होती, आणि तिच्या कागदावर एकशे सत्तर हा आकडा होता. जे हातात नाही ते आहे असं वर्षाली आजवर कधी बोलली नव्हती.

"आहे," ती म्हणाली. "माझ्या हातातच आहे. निघा तुम्ही."