नळाचा मधुमेह

पाण्याने भरलेला स्टीलचा टंबलर उलटा झाला आणि एक थेंबही खाली पडला नाही. आवडी या तमिळ गावातल्या फॅक्टरी क्वार्टर्समधला हॉल एका सुरात म्हणाला, "अय्यय्यो!"

"रक्तातली साखर गोठली!" शुद्धस्वामी गरजले. "टंबलर छातीशी धरलात, साखर पाण्यात उतरली, माझ्या विभूतीने तिला बांधलं. आता गोळी नको, सुई नको!"

पहिल्या रांगेत उमाकांतांनी मान डोलावली. फॅक्टरीत तेहतीस वर्षं तपासनीस. कोऱ्या, म्हणजे काहीच न मिसळलेल्या, नमुन्याशी ताडल्याशिवाय मालावर शिक्का मारला नाही. त्याच माणसाने स्वामींच्या शब्दावर नऊ दिवस इन्सुलिन घेतलं नव्हतं. दिवस मोजले होते त्यांच्या बायकोने, सरोजिनीबाईंनी. मोज्याआडचं पायाचं बोटही त्या रोज बघत होत्या. काल काळेपणा नखाशी होता, आज पेरापर्यंत आलेला.

त्या टंबलर घेऊन उठल्या. "स्वामीजी, हा आमच्या दिनानाथभावोजींचा. एग्मोरला अंथरुणाला खिळलेत. सकाळभर छातीशी धरला होता."

स्वामींनी दोन चमचे विभूती ढवळून मंत्र सुरू केला. मघासारखाच, बरोबर अकरा मिनिटं. देव भलताच वक्तशीर! टंबलर उलटा झाला. थेंब नाही.

"भयंकर साखर! यांची इंजेक्शनं आजच बंद करा!"

"करते की. पण दिनानाथ नावाचं कुणी नाहीच. हे पाणी दारातल्या नळाचं. नळाला मधुमेह झालाय का?"

"मग ती साखर तुमच्या हातातली, पाटी!" आजीबाईला तमिळमध्ये हाक मारत स्वामी म्हणाले.

"माझी साखर कालच तपासली. नव्वद."

कुणीतरी फिस्सकन हसलं. सरोजिनीबाईंनी टंबलरमधला गोळा बोटाने चेपला. "हा इसबगोल. वर राख नि अत्तर. प्रसादाची विभूती जिभेवर ठेवली तेव्हाच ओळखला. पाणी पितो, फुगतो, दहा मिनिटांत खळ होते, मंत्र तेवढ्यासाठीच. पोटातही तो हेच करतो. जेवणातली साखर रक्तात सावकाश जाते, पोट साफ होतं, कोलेस्टेरॉल थोडं उतरतं. ओट्स, पेरू, गवार यांतही असे पाण्यात विरघळणारे तंतू असतात. गुण खरा आहे, पण तो इन्सुलिनची जागा घेत नाही."

स्वामी मागच्या दाराकडे सरकले. तिथे हॉलमधले चार जण आधीच वाट अडवून उभे होते.

उमाकांत मोजा काढत पुटपुटले, "सरोज, कोरा नमुना मला कसा सुचला नाही?"

"सुयांना कंटाळला होतात. मनातलं कुणी बोललं की माणूस तपासत नाही, अहो."

उमाकांतांनी काळं बोट दाबलं. पुन्हा दाबलं.

"बोटाला काहीच कळत नाही गं."

रिक्षा दारात आली. बोट वाचेल का, ते डॉक्टर सांगतील. तुमच्यासमोर असा टंबलर उलटा होईल, तेव्हा कुणी न धरलेला दुसरा टंबलर शेजारी ठेवा आणि त्यातही तीच विभूती घालायला लावा. आणि तोवर सुई चुकवू नका.