खाडाखोड चालणार नाही

"टेबलाला हात लावू नकोस गं! लांब हो. अजून लांब. आणि श्वास तिकडे सोड."

सुंदरा दोन पावलं मागे सरली आणि तोंडावर हात धरून उभी राहिली. मारणे गुरुजींनी टाक दौतीत बुडवला, दौतीच्या काठावर निब निथळून घेतली, रद्दी कागदावर एक रेघ ओढून पाहिली आणि मगच अर्जाच्या पहिल्या ओळीला हात घातला.

पुण्यात मुलींची एक शाळा होती. तिथे राहायची सोय होती, आणि खेड्यातल्या हुशार मुलींसाठी काही जागा फुकट ठेवलेल्या होत्या. गुरुजींनी पत्र लिहून दोन अर्ज मागवले होते. एक खराब झाला तर दुसरा असावा, एवढाच हिशोब. शाळेने एकच पाठवला. त्याच्या तळाशी छापलं होतं: 'अर्ज शक्यतो टंकलिखित असावा. अन्यथा स्वच्छ व सुवाच्य अक्षरात भरावा. खाडाखोड केलेले अथवा डाग पडलेले अर्ज विचारात घेतले जाणार नाहीत.'

"टंकलिखित म्हणे!" गुरुजी पहिल्याच दिवशी कडाडले होते. साऱ्या मुळशी तालुक्यात मिळून एक यंत्र, तेही पौडच्या कचेरीत, आणि तेही इंग्रजी. पण मनातून त्यांना थोडं बरंही वाटलं होतं. यंत्राला लाजवील असं अक्षर आपल्याकडे आहे, हे ते जाणून होते. कोळवणपासून धरणाच्या काठापर्यंत कुणाचा तक्रारअर्ज असो की लग्नाची याद असो, माणसं कागद घेऊन त्यांच्याच ओसरीवर यायची. "शाई सांडणारं पोर आणि दूध सांडणारी बाई, दोघं घर बुडवतात," असं ते वर्गात म्हणायचे आणि डाग पाडणाऱ्याच्या बोटांवर पट्टी मारायचे. त्यांच्या स्वतःच्या कागदावर डाग पडलेला कुणी पाहिला नव्हता.

सुंदरा सातवीत पहिली आली होती. धनगरवाड्यावरची पोर रोज डोंगर उतरून यायची, आणि गुरुजींच्या सगळ्या नोकरीत हिच्यासारखं डोकं त्यांनी दुसरं बघितलं नव्हतं. तिचा बाप म्हसू मरगळे मेंढरांमागे हिंडणारा माणूस. त्याने वाड्यावरच्याच पिराजीच्या पोराशी तिचं लग्न ठरवत आणलं होतं. गुरुजींनी दोनदा त्याच्या दारात बसून वाद घातला, तेव्हा तो कसाबसा बोलला होता, "पुन्याला लागला नंबर तर जाऊ द्या. न्हाई लागला तर मातुर पुन्यांदा इषय काढायचा न्हाई, गुरुजी."

तेव्हा सगळं त्या एका कागदावर येऊन ठेपलं होतं.

आणि कागद तरी कसा! 'पालकाचा संपूर्ण पत्ता' या शब्दांपुढे दोन बोटं जागा. मुक्काम धनगरवाडा, पोस्ट, तालुका, जिल्हा त्यात कसा मावणार? अर्ज छापणाऱ्याला सदाशिव पेठेपलीकडे माणसं राहतात हे माहीतच नसावं. 'पालकाचा व्यवसाय' याला मात्र ऐसपैस दीड ओळ. तिथे गुरुजींनी 'मेंढपाळ' लिहिलं आणि उरलेल्या रिकाम्या जागेकडे रागाने बघत राहिले. मध्येच निबेत केस अडकला. गुरुजींनी हात जागच्या जागी उचलला, केस काढला, निब पुसली. वाऱ्याने कागद फडफडू नये म्हणून चारी कोपऱ्यांवर पाटीचे तुकडे ठेवले. मान आखडली, घाम कपाळावरून खाली येऊ लागला, तेव्हा कागदावर थेंब पडू नये म्हणून त्यांनी डोक्याला पंचा बांधला. दुपार कलताना शेवटच्या ओळीवर टीपकागद दाबला तेव्हा कुठे त्यांनी मोकळा श्वास घेतला.

"बघ आता. आता जवळ ये."

सुंदरा वाकून बघू लागली. तिचं नाव इतकं सुंदर दिसतं हे तिला माहीत नव्हतं. "गुरुजी, छापल्यावानीच हाय की!" ती म्हणाली. गुरुजी खूश झाले, पण चेहरा त्यांनी कडकच ठेवला.

आता फक्त बापाचा अंगठा राहिला होता. म्हसू त्या दिवशी रात्रीपुरता घरी येणार होता आणि पहाटे पुन्हा कळपाकडे निघणार होता. गुरुजींना शाळा सोडून वर जाता येईना, म्हणून सुंदराची आई कोंडाबाई कागद न्यायला खाली आली.

"हे बघा कोंडाबाई," गुरुजींनी बजावलं, "हितं पेन्सिलीनं गोल केलाय. त्यातच अंगठा. हे शाईचं पॅड. नुसता टेकवायचा, रेटायचा नाही."

"व्हय."

"चुलीजवळ न्यायचा नाही. तेलाचा हात लावायचा नाही. पाण्याचा थेंब पडता कामा नये."

"न्हाई पडायचा."

"शेरडं-करडं घरात शिरतात, त्यांच्या तोंडाला लागेल असा ठेवू नका. कोंबड्यांपासून जपा. आणि घडी घालायची नाही."

"आवं, मी काय येडी हाय व्हय? लेकरावानी जपते." कोंडाबाईने धुतलेल्या लुगड्याचा तुकडा आणला होता, त्यात कागद ठेवला आणि दोन्ही हातांवर आडवा धरून ती डोंगराला लागली. रस्त्यातल्या कुणाशी बोललीसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधी सुंदरा तसंच फडकं दोन्ही हातांवर धरून आली. गुरुजींनी ते उलगडलं.

अंगठा गोलात होता, अगदी स्वच्छ. तेल नव्हतं, धूर नव्हता, घडी नव्हती. पण चारी कोपऱ्यांवर ओल्या हळदीकुंकवाची बोटं उमटली होती. वरच्या कोपऱ्यातलं कुंकू ओघळून थेट 'सुंदरा'वर उतरलं होतं, आणि खालची शाई त्याच्यात विरघळून पसरली होती. दोन अक्षता अजून कागदाला चिकटलेल्या होत्या.

"हे काय केलंत!" गुरुजींच्या ओरडण्याने ओसरीवरची पोरं चिडीचूप झाली. "कुणी केलं हे?"

"आईनं लावलं," सुंदरा म्हणाली. "देवाफुडं ठिवला व्हता कागद. शुभ कामाचा हाय, कोरा कसा धाडायचा म्हनली." मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "मी झोपल्याव लावलं, गुरुजी. मला कळलं आसतं तर लावू दिलं नसतं. खाली काय छापलंय त्ये मी वाचलंय."

गुरुजींनी कपाळाला हात लावला. शेळी, कोंबडी, तेल, पाणी, सगळं सांगितलं होतं आपण. हे सांगायचं कसं सुचलं नाही? आणि सुचावं तरी कसं? लग्नाच्या पत्रिकेला ते स्वतःही कुंकू लावूनच गावात धाडत होते.

त्यांनी पातं घेतलं आणि कुंकू खरवडायला बसले. हळद हटली नाही, उलट कागदाचा कापूस निघाला. पावाच्या तुकड्याने पुसलं तर डाग पसरून दुप्पट झाला. त्यांना इतका संताप आला की टाक उचलून फेकून द्यावा. शेवटची तारीख दुसऱ्याच दिवशी होती. नवा अर्ज मागवायला पोस्टाला तेवढ्यात पंख फुटणार नव्हते.

दुसऱ्या दिवशी गुरुजी पहिल्या एस.टी.ने पुण्याला गेले. शाळेच्या खिडकीत चष्मेवाला कारकून होता, सज्जन दिसत होता. त्याने अर्ज हातात घेतला.

"अक्षर काय सुरेख आहे हो! तुमचं?"

"माझं."

"पण हा डाग?"

"कुंकू आहे ते."

"ते मला दिसतंय हो, गुरुजी. पण मुलीचं नावच वाचता येत नाही." त्याने बाजूच्या गठ्ठ्यावर हात ठेवला. वरचे बरेचसे अर्ज टाइप केलेले होते, ओळी कशा सुतात. "आमच्या मोठ्या बाई असले कागद आधी बाजूला काढतात."

"दुसरा अर्ज द्या. इथं उभ्या उभ्या भरतो. शाई, टाक, सगळं आणलंय."

"संपले. आणि अर्जावर नंबर असतो, यंदा एका शाळेला एकच."

"आडाणी बाई आहे हो ती! तिनं शुभ म्हणून लावलंय. कुंकवाला तुम्ही डाग म्हणता?" गुरुजींचा आवाज चढला. रांगेतले पालक वळून बघू लागले. कारकून उठून आत गेला आणि बऱ्याच वेळाने परत आला. त्याने अर्ज खिडकीतून हळूच बाहेर सरकवला.

"पुढच्या वर्षी या, गुरुजी. मी स्वतः दोन अर्ज बाजूला ठेवतो."

"पुढच्या वर्षी तिला मूल असेल," गुरुजी म्हणाले, आणि खिडकीपासून बाजूला झाले.

एस.टी.त ते साऱ्या वाटेभर स्वतःशी चरफडत होते. कारकुनावर, मोठ्या बाईंवर, दोन बोटं जागा ठेवणाऱ्या छापखान्यावर आणि कोंडाबाईवरही. चांगलं खडसावायचं तिला, असं त्यांनी पिरंगुट येईपर्यंत ठरवलं होतं. पौड मागे पडल्यावर मात्र त्यांच्या डोळ्यांपुढे ती दोन्ही हातांवर फडकं घेऊन डोंगर चढताना दिसायला लागली.

दुसऱ्या दिवशी भर उन्हात ते धनगरवाड्यावर चढून गेले. कोंडाबाईने घोंगडी अंथरली, ताक दिलं आणि समोर उकिडवी बसली. सुंदरा खांबाला टेकून उभी होती. डागाचं तिने घरी अजून सांगितलं नव्हतं.

"लागला का वो नंबर?"

"नाही लागला."

"का वो? हिच्याहून हुशार पोर कुठली आली?"

"हुशारीचं काही नाही." गुरुजी ताकाच्या भांड्यात बघत होते. "माझ्या हातनं घोटाळा झाला. अर्जावर एक ओळ घालायची राहिली होती, ती पुण्यात पोचल्यावर घालताना दौत कलंडली. शाई सांडली सगळी."

सुंदराने मान वर केली. तिने बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात गुरुजी म्हणाले, "सुंदरा, पाणी आण गं जरा."

कोंडाबाईने ताकाचं मडकं जवळ ओढलं. मग तिने हात लांब करून गुरुजींपुढचं भांडं पुन्हा ताकाने भरलं.

"मनाला लावून घिऊ नका, गुरुजी," ती म्हणाली. "मानसाच्या हातनं व्हतंच. आन् तुमचं बी वय झालं आता. हात कापायचाच."

"व्हय," गुरुजी म्हणाले. "कापतो आता."

"तिच्या बापाला सांगते मग. पिराजीकडं व्हय म्हनून कळवा म्हनावं."

सुंदराने पाण्याचा तांब्या आणून गुरुजींच्या शेजारी ठेवला. ती त्यांच्याकडे एकदाच बघून बाहेर गेली. अंगणात गुरुजींच्या वहाणा ऊन खात पडल्या होत्या, चटका बसेल इतक्या तापलेल्या. तिने त्या उचलल्या, परकराने धूळ पुसली आणि पडवीच्या सावलीत जोडीने नीट लावून ठेवल्या.