गार बुडाच्या फुलदाण्या

मला माती मळायला लावल्यापासून मी लेकीला तळहातांनी उचलत नाही. तिच्या काखेतून हात घालते, कोपरांच्या बेचक्यात धरते आणि पोटाशी ओढते. ती अंग ताठ करते, चिडते. "आईच्या हाताला बाऊ झालाय गं," असं मी तिला रोज समजावते आणि रोज तिला ते पटत नाही.

आमचा भांड्यांचा कारखाना म्हणजे एक लांबट खोली, एक भट्टी आणि आम्ही तिघी. भट्टी भरायची, पेटवायची, निवली की उतरवायची, हे काम माझ्याकडे होतं. डोळ्यांत तेल घालून करायचं, पण मनगटांना त्रास नाही. एका दुपारी सासूबाईंचा फोन आला, लेक तापानं फणफणली होती. भट्टी नुकतीच बंद केलेली, आत माझे वाडगे निवत होते. "सकाळपर्यंत दार उघडू नका हं," एवढं सांगून मी पळाले.

आमच्यातल्या घाईबाईला मात्र दम धरवला नाही. हे नाव तिला आम्हीच ठेवलेलं. चहा उकळायच्या आत गाळणारी बाई ती! तिला त्याच संध्याकाळी स्वतःची भांडी भरायची होती. तिनं गरम भट्टीचं दार उघडलं, गार हवा आत शिरली आणि माझा एकूण एक वाडगा तडकला. मी दुसऱ्या दिवशी आले तोवर तुकडे कचऱ्यात गेले होते आणि मालकीणबाईंना सांगूनही झालं होतं, की हिनं ओली भांडी भरली, लक्षच नसतं हल्ली हिचं, सगळा जीव घरी.

लक्ष घरी होतं हे खरंच होतं. त्यामुळे मला धड भांडताही आलं नाही. भट्टी तिच्याकडे गेली, माती मळायचं टेबल माझ्याकडे आलं. खरं काय घडलं ते आमच्यातल्या तिसरीनं, मावशींनी, नंतर मला कानात सांगितलं. वर म्हणाल्या, "माझं नाव मात्र घेऊ नकोस बाई."

घरी नवऱ्याला सांगितलं तर तो भाजी चिरता चिरता म्हणाला, "तूही तिचं एखादं फोडून ये. फिट्टंफाट."

"भांडी आहेत ती, गोट्या नाहीत."

"मग माफ कर."

"तू गप भाजी चिर."

त्याच्या दोन्ही तोडग्यांना ताकद लागत होती, आणि माझी सगळी त्या टेबलावर संपत होती.

एका सकाळी मी मातीची बादली ओढत भट्टीजवळून चालले होते. घाईबाई फुलदाण्या भरत होती. मोठी मागणी होती, दोन दिवसांत न्यायला येणार होते. मी सवयीनं एक उचलली आणि तिचं बूड गालाला लावलं. बोटांना कळत नाही ते गालाला कळतं. भांडं पुरतं वाळलेलं असेल तर काही जाणवत नाही, आत ओल असेल तर गार लागतं. बूड गार होतं. दुसरी उचलली. तीही गार. अशी भट्टीत गेली असती तर आतल्या पाण्याची वाफ होऊन बुडं उडाली असती, आणि शेजारची भांडी घेऊन गेली असती.

मी फुलदाणी जागेवर ठेवली. मला काही फोडायचं नव्हतंच. नुसतं बादली उचलून पुढं जायचं होतं.

गेलेही चार पावलं. मग परत आले.

"ओली आहेत गं."

तिनं मान वर केली नाही. "माझी भट्टी खोळंबली की तुला बरं, नाही का?"

"बूड बघ गालाला लावून."

"तू तुझी माती बघ."

मला हसूच आलं, थकल्यावर येतं तसं. सांगून झालं होतं. आता काहीही फुटलं तरी माझ्यावर खापर नव्हतं. टेबलाशी येऊन मी गोळा मळायला घेतला. बघू दे आता तिला, असं म्हणत दाबला, आणि मनगटातून कळ कोपरापर्यंत गेली. मागे भट्टीचं दार ओढल्याचा आवाज आला.

मी तशीच चिखलाच्या हातांनी गेले, दार उघडलं, पुढची फुलदाणी काढली आणि तिच्या गालाला लावली. जोरातच लावली असेल. ती ओरडायला गेली आणि थांबली. मग गालावरची माती न पुसता दुसरी फुलदाणी स्वतःच लावून बघितली.

"खाली जाड झाल्यात," ती पुटपुटली.

"हं. धर, उतरवू."

अर्धी भट्टी उतरवली तोवर मालकीणबाई आल्या. "हे काय? पेटली नाही अजून?"

"माझी ओली होती," घाईबाई म्हणाली. "हिनं ओळखली. गालाला लावून."

मालकीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "एवढं कळतं तुला, तर तेव्हा तुझे वाडगे ओले कसे गेले?"

इतके दिवस हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. उत्तर माझ्या जिभेवर होतं, पाठच होतं. घाईबाईनं फुलदाणी छातीशी धरली होती. मावशींनी तिकडे उगाच नळ सोडला.

"तिला विचारा," मी म्हणाले. तिच्यासाठी खोटं बोलायचं नव्हतं, आणि खरं बोलायचं काम माझं नव्हतं.

घाईबाईनं फुलदाणी खाली ठेवली.

"ओले नव्हते," शेवटी ती म्हणाली. "मी दार उघडलं. गरम असताना."

मालकीणबाई खूप बोलल्या. दोघींनाही बोलल्या, मला का ते कळलं नाही. सरतेशेवटी, भट्टी माझ्याकडे परत आणि माती तिच्याकडे.

मला वाटलं होतं बरं वाटेल. घरी येऊन लेकीला उचलायला गेले आणि कोपरंच पुढे केली. मनगटांना अजून काही कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी भट्टीपाशी, ती टेबलाशी. ती मनगटं वाकवून, भराभर, पाहुणे दारात आल्यासारखी मळत होती. मी तिकडे न बघायचं ठरवलं होतं. फुलदाण्या पुन्हा एकेक गालाला लावल्या, मग टेबलाशी गेले.

"मनगटानं नको. खांद्यानं ढकल. आणि हळू."

तिनं ढकललं.

"माफ केलंस का मला?" मातीकडे बघतच तिनं विचारलं.

"अजून नाही," मी म्हणाले. "कोपर सरळ ठेव."