काडतुसं भरायचं मशीन

सुभेदार सयाजीरावांचा फोन आला तवा मी सरळ न्हाय म्हणून टाकलं. बाळीवेशीत माझं काटेदुरुस्तीचं दुकान हाय. वाण्याचा काटा, सराफाचा काटा, भाजीवालीचा काटा, पुढ्यात येईल तो मी उघडते. वडलांनी हात धरून शिकवलंय आन सरकारी परवाना माझ्या नावावर हाय, दाक्षायणीच्या. पण बंदुकीची दारू मोजणारं मशीन म्हणजे नसती ब्याद. त्यातनं त्या मशीनपायी काय होऊन बसलंय ते सगळ्या सोलापुरानं पेपरात वाचलं होतं. दुसरं कुणी बघा म्हणलं आन फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी कुलूप काढायला गेले तर पायरीवर प्रतिक्षा बसलेली. ही रत्नदीपची बायको. सुभेदारांचं चिंचोळी एमआयडीसीच्या पलीकडं नेमबाजीचं मैदान हाय, परवाना-बिरवाना सगळं रीतसर. पोरं सरावाला झाडतात ती रिकामी काडतुसं परत भरायचं काम रत्नदीप करायचा. दरवर्षी हातकाट्यावर शिक्का मारून घ्यायला माझ्याकडंच यायचा. लई चोख माणूस. काटा आणताना लेकराला गुंडाळावं तसा टॉवेलात गुंडाळून आणायचा, आन मी चेष्टा केली की नुसता हसायचा. तो आता जेलात होता.

झालं होतं ते असं. सुभेदारांची एकुलती एक पोरगी ऋतुजा, एकोणीस वर्षांची, मोठ्या स्पर्धेसाठी निवडलेली. सराव करताना काडतूस भलतंच फुटलं, बंदुकीची नळीच फाटली, आन पोरीचा उजवा डोळा गेला. नेम धरायचा डोळा. पोलिसांनी उरलेली काडतुसं फोडून बघितली तर आणखी दोन-तीनात दारू जास्त भरलेली. रत्नदीपचं आन सुभेदारांचं दसऱ्याच्या आधी रजेवरनं वाजलं होतं, सगळ्यांनी ऐकलं होतं. रत्नदीप दसऱ्याला घरच्यांना घेऊन नागपूरला दीक्षाभूमीवर जातो, कवा चुकवत न्हाय. सुभेदार म्हणायचे, स्पर्धा तोंडावर आल्यावर रजा कसली. तो गेलाच. मग डोळा गेल्यावर सुभेदारांनी तक्रार दिली की रागापोटी ह्यानं मुद्दाम दारू जास्त भरली. खुनाच्या प्रयत्नाचं कलम लागलं, जामीन होईना. मैदानावरची माणसं तर वेगळंच बोलायची. ह्यो खंडेनवमीला मशीनला हात जोडायला थांबला न्हाय, म्हणून देवानं दाखवलं, म्हणे. ऐकून माझं डोकंच फिरलं होतं.

प्रतिक्षा रडली न्हाय. नागपूरहून आल्यापासून मशीन झिरोवर ठरत न्हाय, दुरुस्तीवाला बोलवा, असं रत्नदीपनं सुभेदारांना सांगितलं होतं, एवढंच तिनं मला सांगितलं. सुभेदार म्हणाले, स्पर्धा झाल्यावर बघू. पोलिसांना परवानेवाल्या माणसाचा दाखला पायजे होता आन शहरात कुणी तयार होईना.

"मावशी, खोटं लिहा म्हणत न्हाय," ती म्हणाली. "बघा तेवढं."

आता एवढं म्हणल्यावर माणूस न्हाय कसा म्हणणार. हत्यारांची पेटी स्कूटीला अडकवली आन निघाले.

सुभेदार फाटकाशीच उभे होते. इस्त्रीची कापडं, पण दाढी वाढलेली. चहा-पाणी विचारायच्या आधीच म्हणाले की मशीन एकदम ठीक हाय, बाहेर देशातनं मागवलेलं हाय, तुमी चालवून बघा आन ठीक असल्याचं लिहून द्या. मी म्हणलं, सुभेदार, मी पोरगी बघायला आले न्हाय, बाहेरनं बघून पसंत सांगायला. उघडीन, बघीन, मग काय ते लिहीन. त्यांना राग आला असंल, पण गिळला त्यांनी.

काडतुसं भरायची खोली मैदानाच्या टोकाला. मशीनवर धूळ बसू नये, वारा लागू नये म्हणून काचेसारखं झाकण. पोलिसांनी दारू कवाच काढून नेली होती, तरी मी आधी सगळं पुसून घ्यायला लावलं आन फोन बाहेर ठेवायला सांगितला. सुभेदारांनी तो नुसता सदऱ्याच्या खिशात टाकला. मशीन तसं साधं हाय. वर भांडं, त्यातनं एक नळी फिरते आन दाणा दाणा दारू खाली पारड्यात पडते. पारड्याखाली वजन कळणारी पट्टी असते, सराफाच्या काट्यात असते तशीच. ठरलेलं वजन भरलं की नळी थांबते.

मी भांड्यात राजगिरा ओतला. सुभेदार बघतच राहिले. म्हणलं, बघता काय, दारू घालून माझंबी डोळं घालवू का? बोलून गेले आन जीभ चावली. ते खिडकीबाहेर बघत राहिले. मला लई वाईट वाटलं, पण बोललेलं परत घेता येत न्हाय.

नळी फिरायला लागली. पारडं भरलं की मी ते उचलायची आन माझ्या हातकाट्यावर तोलायची. पहिलं बरोबर. दुसरं बरोबर. पुढचीबी बरोबर आली तसे सुभेदार म्हणाले, बघा, मी म्हणत न्हवतो का. मी म्हणलं, गप बसा जरा. आन मग एक पारडं जड आलं. थोडंथोडकं न्हाय, सराफानं पोलीस बोलवावेत एवढं जड. पडद्यावर आकडा मात्र बरोबर दाखवत होता. त्याच्या पुढचं परत ठीक. मी भांडं भरत राहिले, आन मधीच कवातरी एक जड यायचं, रत्नदीपच्या काडतुसांत आलं होतं तसंच. रत्नदीप दहातलं एक हातकाट्यावर तोलून बघायचा, त्याला हे सापडणार कसं?

मग मी पारडं काढलं, टॉर्च मारली. पारड्याच्या बुडात आन मशीनच्या अंगात बारीक फट असते, तिथं काहीतरी लाल दिसलं. आरसा घालून बघितलं. तांदळाचा दाणा. कुंकू लावलेला. अक्षता. नळी फिरली की मशीन थरथरतं, दाणा सरकतो, आन कवातरी पारड्याच्या बुडाखाली उभा राहतो. मग थोडं वजन दाण्यावर बसतं, पट्टीपर्यंत पोचत न्हाय. मशीनला वाटतं अजून कमीच हाय, ते बिचारं टाकत राहतं.

मी सुभेदारांना आरशातनं दाखवलं. म्हणलं, ह्याच्यावर अक्षता कुणी टाकल्या? झाकण कुणी काढलं?

ते वाकून बघत राहिले. मग खिशातला फोन काढला. उघडताना दोनदा चुकले. खंडेनवमीला पोरीनं पाठवलेला फोटो होता. ते त्या दिवशी टेंभुर्णीला गेले होते, पाव्हण्यांतलं कुणी वारलं म्हणून, आन हितं शस्त्रपूजा ऋतुजानं केली होती. टेबलावर बंदुका मांडलेल्या, झेंडू वाहिलेला, मशीनचं झाकण काढून बाजूला ठेवलेलं, आन पोरीच्या हातात आरतीचं ताट. डोक्यावर पदरासारखी ओढणी. दोन्ही डोळ्यांनी हसत होती. खाली सुभेदारांनी उत्तर लिहिलं होतं, शाब्बास वाघिणी.

रत्नदीप त्या दिवशी नागपूरच्या गाडीत असंल. जाताना झाकण बंद करून, कुणी उघडू नका म्हणून सांगून गेलेला, हे सुभेदारांनीच मला सांगितलं, हळू आवाजात. मग ते खुर्चीवर बसले. फौजेतला माणूस, असा बसलेला मी पहिल्यांदाच बघत होते.

"ताई, एक डोळा गेलाय तिचा," ते म्हणाले. "ह्ये कळलं तर उरलेल्या डोळ्यानं ती जन्मभर काय बघंल?"

दाणा काढा आन मशीन ठीक हाय म्हणून लिहा, असं ते विनवायला लागले. रत्नदीपला मी सोडवतो, चांगला वकील देतो, तक्रार सैल करतो, त्याच्या घरचं मी बघतो. पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. मी म्हणलं, आन सुटला तरी त्यानं मुद्दाम पोरीचा डोळा घालवला, हे कुणाच्या डोक्यातनं कोण काढणार? त्याच्या लेकरांना शाळेत काय म्हणतील? तुमची पोरगी ती पोरगी, आन त्यांची काय उकिरड्यावर सापडली? माझा आवाज चढला होता. सुभेदार मान खाली घालून ऐकत होते. एकदाच म्हणाले, पोर हाय हो ती.

खरं सांगते, माझा हात चिमट्यावर गेला होता. एवढा दाणा. चिमट्यात धरायचा, खिडकीतनं उडवायचा, आन मशीन कायमचं ठीक. कुणाला कळणार न्हाय, त्या पोरीला तर न्हायच. मलाबी लेक हाय. तिच्या हातनं असं काय झालं असतं तर मी काय केलं असतं, देव जाणे. मला बाप-लेक दोघांचीबी कीव येत होती आन दोघांपायी जीव नुसता तुटत होता. पण प्रतिक्षा पायरीवर बसलेली डोळ्यापुढनं जाईना. मी चिमटा पेटीत ठेवला आन पारडं होतं तसं बसवलं. दाण्याला हात लावला न्हाय. सुभेदारांना म्हणलं, ठाण्यातनं माणूस येईल आन त्याच्यासमोर निघंल ह्यो दाणा.

तेवढ्यात दारात ऋतुजा. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला त्यांचं घर, तिथनं एकटीच चालत आली होती. डोळ्यावर पट्टी, अर्धा चेहरा सुजलेला, एका हातानं चौकट धरलेली. सुभेदार ताडकन उठले आन हितं कशाला आलीस म्हणाले, पण ती माझ्याकडंच बघत होती.

"मावशी, रत्नदीपदादानं मुद्दाम केलं का?"

कळलं मला, हिला दिवसरात्र हेच खात असणार. तो तिला लहानपणापासनं काडतुसं हातात द्यायचा. सुभेदारांनी माझ्याकडं असं बघितलं की मला दुसरीकडं मान फिरवावी लागली.

मी म्हणलं, "न्हाय. त्यानं काय केलं न्हाय. मशीनमधी दाणा अडकला होता."

"कसला दाणा?"

मी काय बोलायच्या आतच सुभेदार मधी आले. पोरीच्या आन मशीनच्या मधी उभेच राहिले.

"माझी चूक हाय, बाळा," ते म्हणाले. "खंडेनवमीला अक्षता मी टाकल्या. एक दाणा आत गेला. रत्नदीप मशीन दाखवा म्हणत होता, तेबी मी ऐकलं न्हाय. सगळी माझी चूक."

सगळं खोटं बोलत न्हवते ते. दुरुस्ती टाळली होती ती त्यांनीच. बाहेर एमआयडीसीचा भोंगा झाला, वाजून थांबला. तिचं तोंड पांढरं पडत गेलं.

"पप्पा," ती म्हणाली, "तुमी त्या दिवशी टेंभुर्णीला होता."

तिनं त्यांना हातानं बाजूला केलं आन टेबलापाशी आली. मी पारडं उचललं आन आरसा धरला. उजव्या बाजूचं काय दिसत न्हवतं तिला, म्हणून तिला सगळी मान वळवावी लागली. लई वेळ बघत राहिली.

"एवढाच?" तिनं विचारलं.

मी व्हय म्हणलं आन बाहेर जाऊन ठाण्याला फोन लावला.