मधल्या वेळात

बुधवारी ओपीडी उरकली की बालविभागातले शिकाऊ डॉक्टर वॉर्डाशेजारच्या छोट्या खोलीत जमत. मोठ्या मॅडम एखाद्या जुन्या पेशंटची हकीकत सांगत, पण सगळी एकदम नाही. थोडं सांगून थांबायच्या नि विचारायच्या, "आता काय वाटतं? कशावरून?" उत्तर चुकलं तर रागवत नसत, 'कशावरून' सांगता आलं नाही, तर मात्र धडगत नसे.

नवी डॉक्टर शक्य तितकी मागे बसली होती. रुजू होऊन दीडच महिना झाला होता. मॅडमची नजर वळली की ती वहीत मान घालायची.

"सात महिन्यांचं बाळ," मॅडम म्हणाल्या. "कालपासून रडतंय. दोनदा उलटी. ताप नाही. बोला."

"पोटात गॅस," कोणीतरी म्हणालं.

"कशावरून?"

"पाय पोटाशी घेत असेल तर..."

"असेल तर? विचारलंस का?" मॅडमनी खडू खाली ठेवला. "आजाराचं पहिलं नाव सुचलं की आपण दार लावून घेतो. मग घरचे काहीही सांगोत, आत येतच नाही. हे बाळ सतत रडत नाही. पंधरा-वीस मिनिटांनी कळ येते, किंचाळतं, थांबतं. मधल्या वेळात कसं असतं? खेळतं, की मलूल पडतं?"

लिहिता लिहिता नव्या डॉक्टरचं पेन थांबलं.

सकाळी अकराला तिने आठ महिन्यांचं एक बाळ तपासलं होतं. आई कामावर, म्हणून त्याची मावशी घेऊन आली होती. पोट मऊ लागलं, बाळ शांत होतं. मावशी म्हणाली होती, "रडून झालं की पिळून टाकलेल्या फडक्यासारखं होतं हो." बाहेर चाळीस जण खोळंबले होते. 'हं' म्हणत तिने गॅसचे थेंब लिहून दिले होते.

आता सव्वा वाजला होता. पाणी प्यायला म्हणून उठावं, बाहेरून गुपचूप फोन करावा, कोणाला कळायचंही नाही, असं क्षणभर तिच्या मनात आलं. पण पुढे काय करायचं हे तिचं तिला ठाऊक नव्हतं.

"मॅडम," ती उभी राहिली. "असंच एक बाळ मी आज घरी पाठवलंय."

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. "फोन लाव. इथूनच."

दोनदा कोणी उचलला नाही. तिसऱ्यांदा मावशीचा आवाज आला. "अहो, छान झोपलंय आता. गुण आला बघा तुमच्या औषधाचा!"

ही झोप की मलूलपणा, फोनवर कळायला मार्ग नव्हता. "मावशी, त्याला उठवा."

"आत्ताच तर डोळा लागलाय."

"उठवून बघा. मी थांबते."

बाळाला हाका मारल्याचं ऐकू आलं. मग पुन्हा हाका, आणखी मोठ्याने. "डोळे उघडतंय," मावशीचा सूर पार बदलला होता, "पण लगेच मिटतंय."

"काही पाजू नका. मिळेल त्या गाडीने या. मी दारात उभी आहे."

पस्तीस मिनिटं ती दारात उभी होती. प्रत्येक गाडी थांबली की पुढे धावायची, उतरणारा दुसराच निघायचा.

सोनोग्राफीत दिसलं: आतड्याचा एक भाग पुढच्या भागात शिरून अडकला होता. सर्जन म्हणाले, "हवेच्या दाबाने सुटतंय का पाहू. नाहीतर ऑपरेशन." दार बंद झालं. ती मावशीशेजारी बाकावर टेकली.

"सकाळी का नाही कळलं?" मावशीने विचारलं.

"तुम्ही सांगितलं होतं. मी नीट ऐकलं नाही."

मावशीने तोंड फिरवलं.

पहिल्या दोन प्रयत्नांत सुटलं नाही. तिसऱ्यांदा सुटलं. सर्जन बाहेर येऊन तेवढंच बोलले. मावशी पदरात तोंड खुपसून रडू लागली.

मॅडम जिन्यात भेटल्या. "पुढच्या बुधवारी ही केस तू सांगायचीस."

"सगळी?"

"सगळी. गुपचूप बसली असतीस, तर मी तुला पुन्हा कधी काही विचारलंच नसतं." एवढं म्हणून त्या वर गेल्या. ही शाबासकी की कानउघाडणी, तिला कळेना.

संध्याकाळी बाळाची आई धापा टाकत आली. नव्या डॉक्टरने काही न लपवता तिला सांगितलं. आई शेवटपर्यंत ऐकत राहिली. मग पाळण्याच्या कठड्यावर हात ठेवून म्हणाली, "दूध कधी देऊ?"

"सर्जन रात्री बघतील, मग सांगते. तोवर मी इथेच आहे."

आईने मान हलवली आणि स्टुलावरची पिशवी उचलून तिला बसायला जागा केली.