नळ धुणाऱ्यांची काटकसर

हे लिहायचं नाही असं भीमराजनं जवळपास ठरवलंच होतं. नगरपालिकेच्या वॉर्ड कचेरीत तो टेंपरवारी टायपिस्ट. दोन बोटांनी अक्षरं शोधत स्वतःच शिकलेला. असल्या माणसानं पुढ्यात येईल ते बडवावं आणि गप घरी जावं. पण आज पुढ्यात आलं ते त्यानं दोनदा वाचलं.

वॉर्डाचं बातमीपत्र दर महिन्याला निघायचं. नगरसेवक अण्णासाहेबांनी कुठं नारळ फोडला, कुणाच्या गल्लीत दिवा लागला, असली खुशाली त्यात. सत्त्याहत्तर सालच्या त्या महिन्याला मात्र पाणीपट्टी वाढल्याची बातमी होती, आणि गावात दुसरं बोलणंच नव्हतं. अण्णासाहेबांनी कारणही शोधून ठेवलेलं. म्हणे बौद्धवाड्यातल्या बायका पाणी वाया घालवतात, सबब त्यांनी चौकातल्या नळावर सगळ्यांचं झाल्यावर यावं. सगळ्यांचं होईस्तोवर नळ जायचाच. म्हणजे भीमराजच्या आईनं, गिरजाबाईनं, पवना नदीवरून हंडे वाहायचे.

आता पाणी खरं कुठं जायचं ते ऐका. गिरजाबाई हंडा भरून बाजूला झाली की अण्णासाहेबांच्या मंडळी, यशोदाबाई, पुढं यायच्या. नळ राखेनं घासायच्या, मग धो धो सोडून धुवायच्या. त्यांच्या मागची बाई परत धुवायची, कारण यशोदाबाईंच्या धुण्यावर तिचा भरवसा नसायचा. तिच्या मागचीचा तिच्यावर नसायचा. हंड्यांपेक्षा गटारच आधी भरायचं. आणि ह्याच घरांतले पुरुष कंपनीत वाड्यातल्या माणसांबरोबर एकाच कूलरचं पाणी ढोसायचे. तिथं बाटायचे नाहीत. तिथं पगार मिळायचा.

त्या दिवशी सकाळी गिरजाबाईनं हंडा भरला, तोटी बंद केली आणि नळावरचा हात काढलाच नाही.

“गिरजे, सर की आता,” यशोदाबाई म्हणाल्या. “आमाला धुवायचाय.”

“धुवा की बाई. हातासकट धुवा. पट्टी आमीबी भरतो, तवा नळात माझाबी वाटा हाय. त्यो मी धरलाय.”

रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. यशोदाबाईंची राख मुठीतच राहिली. हाताला शिवल्याशिवाय नळ धुवायचा कसा, हे त्यांच्या सोवळ्यात कुणी सांगून ठेवलं नव्हतं. न धुता भरणार असाल तर आत्ता हात काढते, असं गिरजाबाई सांगत राहिली. एकही पुढं आली नाही. नळ गेला. बाया रिकामे हंडे घेऊन परतल्या. घरात पोरं तहानलेली राहिली तरी चालतील, सोवळं टिकलं पाहिजे.

दुपारी अण्णासाहेब स्वतः कचेरीत आले. बातमी वाढवायला सांगितली: सदर बाईनं नळ अडवला, सबब वाड्याला नळबंदी.

“तुजी आई हाय म्हणून नाव घालत न्हाई बघ,” ते मायेनं म्हणाले. “आणि नोकरी पक्की करायचीय न्हवं तुला?”

ते गेल्यावर मशीन खडखडलं. थांबलं. परत खडखडलं. भीमराजनं सकाळी नळावर घडलं तेवढंच लिहिलं, नळ धुण्यात किती पाणी जातं ते लिहिलं, आणि धुणाऱ्यांची पट्टी वाड्यानं का भरायची, असं विचारून खाली स्वतःचं नाव टाकलं.

छपाईचं यंत्र किसन फिरवायचा. परभणीकडचा, चौकातच भाड्यानं राहणारा, भीमराजच्या डब्यातली भाकरी रोज मोडून खाणारा. त्यानं वाचलं आणि यंत्राचा दांडा सोडून दिला.

“भावा, नोकरीवरनं घालवतील तुला.”

“घालवू दे.”

किसननं हाताची शाई पुसली. मग म्हणाला, “आमची घरचीबी धुती रे नळ.”

“ठावं हाय मला.”

भीमराजनंच त्याचा हात धरून दांड्यावर ठेवला.

“छाप तू. नाव माजं हाय, तुज्यावर काय येऊ देत न्हाई. आणि उद्या वहिनींना हंडा घिऊन पाठव. आईशेजारी मी हुबा असन. वहिनी न धुता भरणार असतील तर आईचा हात मी सोता बाजूला करीन. मग पाक चौक अंगावर आला तरी त्यांचा हंडा भरंस्तवर मी हलत न्हाई. शब्द देतो तुला.”